बारावीनंतर एसटीचा मोफत पास संपतो

1 जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते आणि 31 जुलैपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरच्या बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. माशांच्या विणीचा हंगाम असतो, समुद्रही खवळलेला असतो, त्यामुळे बंदीबद्दल तक्रार नाही. पण नेमक्या याच दोन महिन्यांत बारावीचा निकाल घेऊन मुलं कॉलेजच्या खिडकीशी उभी असतात. रेवदंडा, मुरूड, राजपुरी, दिघी, कुठल्याही कोळीवाड्यात जा. वर्षातला सर्वांत मोठा खर्च आणि वर्षातला सर्वांत रिकामा खिसा एकाच वेळी वाट्याला येतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून कमाईचा हंगाम सुरू होतो, तोवर प्रवेशाच्या याद्या लागून गेलेल्या असतात.

कॉलेज शिक्षणावर बोलताना आपल्याकडे जिद्द, चिकाटी, गुणवत्ता असे शब्द पटकन पुढे येतात. किनाऱ्यावरच्या मुलांकडे यातलं काही कमी आहे असं नाही. त्यांचा कस प्रश्नपत्रिकेपेक्षा वेळापत्रकात जास्त लागतो, आणि ते वेळापत्रक दुसऱ्यांनी, दुसऱ्यांच्या सोयीने केलेलं असतं.

गुणवत्तेचा दाखला तर याच मातीत आहे. महाडजवळच्या नाते गावी 1896 मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला गेले आणि 1918 च्या आयसीएस परीक्षेतही पहिले आले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि 1956 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. म्हणजे देशभरातल्या कॉलेजांना पैसा कसा द्यायचा, हे ठरवणाऱ्या खुर्चीत एकेकाळी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा माणूस बसला होता. पण त्यांचे वडील वकील होते आणि मुलाला शिकायला बाहेर ठेवणं त्या घराला झेपणारं होतं, ही गोष्ट कौतुकाच्या भाषणांत सहसा गाळली जाते.

याच जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि सुरतमार्गे थेट काशीला पोचले. आधीची प्रमाणपत्रं त्यांनी चुलीत घातली होती. त्यांचं कॉलेज सुटलं, कारण त्यांनी ते सोडलं. आज म्हसळ्याच्या आतल्या गावातल्या मुलीचं कॉलेज सुटतं, कारण शेवटची एसटी सुटते.

जिल्ह्यात कॉलेजं नाहीत, असं आता कोणी म्हणू शकत नाही. अलिबागचं जनता शिक्षण मंडळाचं कॉलेज आणि महाडचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय, दोन्ही 1961 पासून आहेत. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, उरण, सगळीकडे पदवीचं शिक्षण मिळतं. लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अलिबागला 2021 पासून 100 जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नकाशावर टाचण्या टोचल्या तर चित्र छान दिसतं. नकाशात खाड्याही दाखवलेल्या असतात, पण धोरण आखणाऱ्यांच्या नजरेला त्या सहसा पडत नाहीत.

मुरूड ते अलिबाग हे अंतर साधारण 50 किलोमीटर. काशीद, साळावचा पूल, रेवदंडा, चौल करत, वळणं घेत एसटी जाते. बीएस्सीचं प्रॅक्टिकल दुपारी असतं. ते संपायला साडेचार वाजले, की प्रयोगवहीवर सही घेण्यासाठी सरांच्या टेबलाशी गर्दी होते आणि लांबच्या गावची मुलं घड्याळाकडे बघत दप्तर आवरू लागतात. मुख्य रस्त्यावरची गाडी मिळते, फाट्यापासून आत जाणारी निघून गेलेली असते. मग अंधारात फाट्यावर टमटमची वाट पाहायची, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसायचं. मुलगा असेल तर घरचे काही बोलत नाहीत. मुलगी असेल तर असे आठ दिवस गेल्यावर घरात विषय निघतो, आणि मग कॉमर्स घे, आर्ट्स घे, सकाळचं कॉलेज बघ, असं सुरू होतं. म्हणजे कुठली शाखा घ्यायची, हे आवडीपेक्षा आगाराच्या फलकावर जास्त ठरतं.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास मिळतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ही योजना पाचवीपासून सुरू होते आणि बारावीला संपते. प्रवास लांबतो, खर्च वाढतो आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होऊ शकतात, नेमक्या त्या वळणावर हा पास हातातून जातो. पुढे विद्यार्थी सवलत आहे, भाड्याचा एक तृतीयांश हिस्सा भरून मासिक पास काढता येतो. शहरातल्या माणसाला ही रक्कम फुटकळ वाटेल. दोन भावंडं शिकत असतील आणि बोट किनाऱ्याला लागलेली असेल, तर त्या घराला ती फुटकळ वाटत नाही.

एसटी नसली तर काय होतं, तेही या किनाऱ्याने पाहिलं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्याच वर्षी कोरोनामुळे शिक्षण मोबाइलवर आलं होतं. वीज नाही, टॉवर नाही आणि तास ऑनलाइन. पुढच्या वर्षी 20 ऑक्टोबरला राज्यातली महाविद्यालयं पुन्हा उघडली आणि लगेचच एसटीचा संप सुरू झाला, तो चालला 2022 च्या एप्रिलपर्यंत. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मतं वेगळी असू शकतात, पण आतल्या गावांतल्या मुलांचं सलग दुसरं वर्ष वाहून गेलं, याची चर्चा फारशी कोणी केली नाही.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जुलै 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय मोठा आहे. पण शुल्क माफ झालं तरी पनवेल-खारघरला कॉट बेसिसवर राहण्याचं भाडं आणि मेसचे पैसे माफ होत नाहीत. त्यासाठी ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबईसारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळतात. मात्र 2023 च्या निर्णयात जिल्ह्यामागे मुलं धरली 600. पनवेल ते पोलादपूर पसरलेल्या जिल्ह्यात आगरी, कोळी, कुणबी घरांची संख्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे 600 हा आकडा किती तोकडा आहे ते कळेल.

कातकरी मुलांची गोष्ट तर आणखी अलीकडे, दाखल्यापाशीच अडते. दिवाळीनंतर आईवडील वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. आश्रमशाळेतून कसाबसा बारावीला पोचलेला मुलगा जातीच्या दाखल्यासाठी जातो, तेव्हा 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांना स्वतःची जमीन नव्हती आणि शाळेचं तोंडही पाहायला मिळालं नाही, त्यांनी तो कागद आणायचा कुठून? रायगडात ही जमात मोठ्या संख्येने आहे, सरकारदरबारी ती आदिम म्हणून नोंदलेली आहे, आणि तरी प्रत्येक मुलाने आपण कोण ते नव्याने सिद्ध करायचं.

‘मुक्त विद्यापीठ आहे की, घरी बसून शिका,’ असं यावर हमखास सांगितलं जातं. नोकरी करणाऱ्यांसाठी, संसारात अडकलेल्या बायांसाठी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने केलेलं काम मोलाचं आहे. पण अठराव्या वर्षी घर ओलांडल्यावर जे घडतं, ते पोस्टाने येणाऱ्या पुस्तकात नसतं. आगरी हेल ऐकून हसणाऱ्या वर्गात उभं राहून उत्तर देणं, अकरावीत अचानक इंग्रजीत सुरू झालेलं भौतिकशास्त्र मराठीत उलगडून मैत्रिणीला समजावणं, महिन्याचे पैसे वीस तारखेला संपल्यावर उरलेले दहा दिवस निभावणं, हे सगळं तिथेच येतं. त्याचा उपयोगही फक्त नोकरीपुरता राहत नाही. कोळीवाड्यात डिझेल परताव्याचे कागद, बँकेची नोटीस, सातबाऱ्यावरची नवी नोंद वाचायला घरोघरी हाक येते ती कॉलेजात जाणाऱ्या मुलीला. जमिनीच्या दलालाने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवण्याआधी तो वाचणारं कुणीतरी घरात असणं, याची किंमत उरण-अलिबागच्या लोकांना वेगळी सांगायला नको.

दुसरीकडे लगेच मिळणारा पैसाही ओढत असतो. शनिवार-रविवारी नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीवर फिरवणारा मुलगा चार पैसे कमावतो. उरणला कंटेनर यार्डात बारावी पासवर कंत्राटी काम मिळतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. घरात पैसा हवा असतो आणि कॉलेजच्या वेळा कमावत्या मुलाचा विचार करत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ साताऱ्यात राबवून दाखवलं, पण किनाऱ्यावर कमवायचे दिवस कोणते आणि शिकायचे कोणते, हे हंगाम बघून ठरवणारं कॉलेज अजून उभं राहायचं आहे.

यातलं बरंचसं करायला नवी इमारत लागत नाही. मत्स्यबंदीच्या दोन महिन्यांत शुल्काचा हप्ता मागायचा नाही, तो सप्टेंबरनंतर घ्यायचा, एवढं संस्थांना ठरवता येईल. प्राचार्य आणि आगारप्रमुखांनी जूनमध्ये एकदा समोरासमोर बसून प्रॅक्टिकल सुटण्याची आणि गाडी सुटण्याची वेळ जुळवली, तर त्याला मंत्रालयाची परवानगी लागू नये. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धनला मुलींची वसतिगृहं मात्र बांधावीच लागतील, आणि त्याला पैसे लागतील. मोफत पासची मुदत बारावीवरून पदवीपर्यंत नेण्यासाठी मात्र एक शासन निर्णय पुरे.