तपासलेली प्रत आणि वापरलेली प्रत

एका यंत्राच्या उदरात अनेक यंत्रे नांदविण्याची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली आणि १९७४ साली पोपेक व गोल्डबर्ग या संशोधकांनी अशा यंत्रांची शास्त्रीय लक्षणे निश्चित केली. या यंत्रांस आपण ‘आभासी यंत्रे’ म्हणतो. नाव आभासी असले, तरी त्यांत ठेवलेला दस्तऐवज खराखुरा असतो, हे विसरता कामा नये.

नवी दिल्लीत लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीजवळच ‘एम्स’ हे रुग्णालय आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील संगणकसेवा एका सायबर हल्ल्याने बंद पडली आणि पुढे कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हातांनी लिहाव्या लागल्या. जाळ्याचे विभाजन योग्य रीतीने झालेले नव्हते, असे कारण सरकारने संसदेत सांगितले. हा दोष आभासी यंत्रांचा नव्हता. परंतु विभागाविभागांतील भिंत कच्ची राहिली म्हणजे काय ओढवते, ते त्यावरून दिसून आले. २०१४ साली सरकारने ‘मेघराज’ ही योजना आरंभिली. अशा सामाईक व्यवस्थेत अनेक कार्यालयांची कामे एकाच यंत्रावर चालू शकतात. तेथे भिंत कोणती, हे सामान्य वाचकानेही समजून घेतले पाहिजे.

ती भिंत प्रोसेसरच्या ‘स्थिती’वर उभी असते. कोणती आज्ञा चालू आहे, रजिस्टरांत कोणते आकडे आहेत, स्मृतीचा कोणता भाग कोणास खुला आहे, या सर्वांची मिळून ही स्थिती होते. पाहुण्या यंत्राची पाळी आली, की मूळ नियंता त्याची स्थिती प्रोसेसरवर चढवितो. पाळी संपली, की उतरवून घेतो.

आता त्या पाहुण्यानेच आपल्या पोटी आणखी एक पाहुणा ठेवला, तर? कासवाच्या पाठीवर कासव, अशी ही रचना आहे. आयबीएमच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या यासंबंधीच्या कार्यास ‘टर्टल्स’ हेच नाव दिले होते. येथे मधला नियंता आतल्या पाहुण्याची स्थिती एका पृष्ठावर लिहून मूळ नियंत्यापुढे ठेवतो. हे पृष्ठ पाहुण्याच्याच स्मृतीत असते, म्हणजे तपासणी चालू असतानाही तो ते बदलू शकतो. साऱ्या धोक्याचे मूळ येथे आहे.

लिनक्समधील ‘केव्हीएम’ या नियंत्यात २०२१ साली नेमका असाच दोष उघडकीस आला. एएमडी प्रोसेसरांसाठी लिहिलेल्या भागात हे पृष्ठ दोनदा वाचले जात असे. एकदा तपासण्यासाठी आणि पुन्हा वापरण्यासाठी. दोन वाचनांच्या मधल्या क्षणात पाहुण्याच्या दुसऱ्या आभासी प्रोसेसरने मजकूर बदलला, तर तपासणी एका मजकुराची आणि अंमल दुसऱ्याचा, असा प्रकार घडे. त्यातून यजमानाच्या खास रजिस्टरांपर्यंत पाहुण्याचा हात पोहोचू शकत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी दोन दोष जाहीर झाले. पृष्ठावरील दोन रकान्यांची पुरेशी छाननी होत नव्हती, एवढेच त्यांचे मूळ. परंतु त्यामुळे आतल्या पाहुण्यास यजमानाच्या स्मृतीची पाने वाचता वा लिहिता येण्याचा संभव निर्माण झाला होता.

कचेरीत काम केलेल्या कोणासही यावरील उपाय सांगावा लागणार नाही. अर्जदाराच्या हातात असलेला कागद तपासून त्यावर हुकूम काढावयाचा नसतो. आधी त्याची प्रत आपल्या दप्तरी घ्यावी, तीच तपासावी आणि तिच्यावरच हुकूम काढावा. केव्हीएमची दुरुस्तीही याच तत्त्वाने झाली. माझ्या मते यास आणखी दोन नियमांची जोड हवी. जे रकाने मूळ नियंत्यास ठाऊक आहेत तेवढेच त्याने स्वीकारावेत, अनोळखी चिन्ह दिसल्यास विनंती फेटाळावी. आणि लोकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या यंत्रांवर ही दुहेरी सोय मागितल्यावाचून चालू ठेवू नये. २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ४.२० या आवृत्तीपासून इंटेल प्रोसेसरांवर ती मुळातच चालू असते, म्हणून ती बंद करण्याचे काम व्यवस्थापकाने आठवणीने केले पाहिजे.

काही जण म्हणतील, की ही सोय सर्वत्रच बंद करावी. ते मला मान्य नाही. भाड्याच्या एका यंत्रात अनेक यंत्रे रचून शिकणारा विद्यार्थी आणि नवा नियंता तपासून पाहणारा अभियंता, दोघांनाही ती हवी असते. स्वयंपाकघरात विस्तव हवाच. तो गवताच्या गंजीजवळ नसावा, एवढीच अपेक्षा. प्रयोगाची यंत्रे आणि लोकांच्या नोंदींची यंत्रे निराळी ठेवली, तर शिक्षणही थांबणार नाही आणि कोणाच्या आजाराची नोंद परक्याच्या हाती पडण्याचे भयही पुष्कळ कमी होईल.

प्रोसेसरची स्थिती हा विषय तज्ज्ञांचा खरा. परंतु सार्वजनिक पैशाने यंत्रे घेताना ती कोणाबरोबर सामाईक आहेत आणि तेथे कोणत्या सोयी चालू आहेत, हे दोन प्रश्न विचारण्यास तज्ज्ञ असावे लागत नाही. ते विचारण्याची सवय आपल्या शाळांतून आणि ग्रंथालयांतून लागावी.