जलोपचाराचे गाव, सरकारी निकषांच्या दारात

- विशेष प्रतिनिधी

थंड पाण्याच्या झऱ्यांमुळे नावारूपाला आलेल्या गावाचे भवितव्य झऱ्यांपेक्षा आरोग्य विम्याच्या नियमांवर अधिक अवलंबून असू शकते. झेक प्रजासत्ताकातील येसेनिक शहराच्या माथ्यावर, डोंगरउतारावर वसलेले ग्रेफेनबर्ग हे त्याचे बोलके उदाहरण ठरावे.

याच गावात १७९९ मध्ये जन्मलेल्या व्हिन्सेंझ प्रीसनित्स या शेतकऱ्याने आधुनिक जलोपचाराचा पाया घातला. वैद्यकाचे शिक्षण नसल्याने त्याला डॉक्टरांचा विरोध आणि खटले सोसावे लागले. तरीही ओल्या पट्ट्या, थंड स्नान, मोकळ्या हवेतील श्रम आणि साधा आहार या चतुःसूत्रीने युरोपभरातील रुग्ण तेथे ओढले गेले. रशियन साहित्यिक गोगोलही त्यांपैकीच एक होता.

आज तेथील उपचारांना झेक आरोग्य विम्याचे पाठबळ आहे. 'संपूर्ण' उपचारात निवास व भोजनाचाही खर्च विमा उचलतो, तर 'अंशतः' उपचारात केवळ उपचारांचा. मात्र २०१२ मध्ये सरकारने नियम कडक करून संपूर्ण उपचाराचा मूळ कालावधी चार आठवड्यांवरून तीन आठवड्यांवर आणला. परिणामी देशभरातील उपचारकेंद्रांकडे विम्यावर येणारे रुग्ण झपाट्याने घटले. घटनात्मक न्यायालयाने २०१४ मध्ये ते नियम रद्द ठरविले आणि २०१५ पासून निकषांना थेट कायद्यातच स्थान मिळाले.

पुढे २०२० मध्ये करोनामुळे ही केंद्रे ओस पडली, तेव्हा सरकारने स्वखर्चाने येणाऱ्यांना ४,००० कोरुनांची सवलत-कुपने दिली. एकच पाणी विम्याच्या लेखी औषध, तर कुपनाच्या लेखी पर्यटन! पर्यटक पैसा आणतो, हे खरे. पण त्याला आराम हवा असतो. जुनाट व्याधीच्या रुग्णाला डॉक्टर, प्रशिक्षित कर्मचारी आणि पुरेसा अवधी लागतो. पहिल्याच्या मागे धावताना दुसऱ्याची सोय आक्रसण्याचा धोका आहे.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. जर्मन निसर्गोपचारक लुई कुने यांच्या ग्रंथाचा प्रभाव महात्मा गांधींवर होता आणि त्याच ध्यासातून १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार सुरू झाला.

कोणत्या व्याधीत जलोपचाराचा किती उपयोग होतो, हे काटेकोर वैद्यकीय कसोटीवर ठरायला हवे, यात दुमत नाही. मात्र ती कसोटी खर्चकपातीची सोयीस्कर पळवाट बनता कामा नये. अन्यथा झरे वाहतच राहतील, पण ज्यांना त्यांची खरी गरज आहे, त्यांनाच ते परवडेनासे होतील.