स्मृतीची साक्ष

‘मला पक्के आठवते!’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा उच्चारतो, याचा तुम्ही कधी हिशेब केला आहे काय? वाद झाला की हेच आपले पहिले आणि बहुधा शेवटचे प्रमाण असते. परंतु ते कितपत भरवशाचे आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

सांगलीस कृष्णेच्या काठी माझ्या परिचयाचे एक कुटुंब राहते. २०१८ सालच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो असता २००५ सालच्या महापुराच्या गोष्टी निघाल्या. धाकटा भाऊ म्हणाला, “पाणी देवाच्या कोनाड्यापर्यंत चढले होते.” थोरला हसून म्हणाला, “छे! जिन्याच्या तिसऱ्या पायरीपाशीच ते थांबले.” बोलता बोलता दोघांचे आवाज चढले. “दादा, तू खोटे बोलतोस!” असे धाकट्याने म्हणताच थोरला ताडकन उठून बाहेर निघाला. तेव्हा त्यांच्या आईने मागील दाराच्या दगडी चौकटीवरचा चुना खरवडला. खाली एक रेघ दिसली. पूर ओसरताच मुलांच्या कैलासवासी वडिलांनी ती कोरून ठेविली होती. ती तिसऱ्या पायरीच्या बरीच वर होती आणि कोनाड्याच्या बरीच खाली! दोघांचेही चुकले होते. पण खोटे कोणीच बोलत नव्हते.

असे का व्हावे? आपली समजूत अशी असते, की स्मृती म्हणजे पेटीत जपून ठेविलेला कागद; हवा तेव्हा काढावा आणि वाचावा. मानसशास्त्रज्ञ मात्र निराळेच सांगतात. मनात घटनेचे काही तुकडे तेवढे उरतात. आठवताना मन ते तुकडे नव्याने जुळविते आणि मधल्या रिकाम्या जागा आपल्या कल्पनेने भरून काढते. केंब्रिज येथील बार्टलेट यांनी एक परदेशी लोककथा इंग्रज वाचकांना वाचावयास दिली व पुढे ती पुन्हा पुन्हा सांगावयास लाविली. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली, आणि अपरिचित गोष्टींच्या जागी परिचित गोष्टी आल्या. हे प्रयोग त्यांनी १९३२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

१९७४ साली अमेरिकेत लॉफ्टस व पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा चित्रपट दाखविला. नंतर काहींना विचारले, ‘मोटारी एकमेकींवर आदळून चुरडल्या, तेव्हा त्यांचा वेग किती होता?’ इतरांना विचारताना ‘धडकल्या’ एवढाच साधा शब्द वापरला. आठवड्याने सर्वांना विचारले, ‘फुटलेल्या काचा पाहिल्यात काय?’ चित्रपटात काचा फुटल्याच नव्हत्या. तरीही ‘चुरडल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘होय’ म्हणाले. ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण. प्रश्नातील एका शब्दाने आठवण बदलली!

स्मृतीचा हा दुबळेपणा आपल्या पूर्वजांनीही ओळखला होता. सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णाकाठचेच गाव वेदविद्येसाठी प्रसिद्ध आहे. वेदपठणाच्या परंपरेत जटापाठ म्हणून एक रीत आहे. तीत लागोपाठचे दोन शब्द आधी सरळ, मग उलट आणि पुन्हा सरळ म्हणतात. एखादा शब्द निसटला, तर चूक तेथेच उघडी पडते. ज्यांचे पाठांतर एवढे दांडगे, त्यांनीदेखील स्मृतीवर असा पहारा बसविला होता.

मग स्मृती टाकाऊ समजावी काय? मुळीच नाही. पुराच्या वेळी धाकटा सहा वर्षांचा होता. वडिलांच्या खांद्यावर बसून तो पाण्यातून बाहेर पडला. पाण्याची उंची तो विसरला, पण तो खांदा विसरला नाही. ही आठवण कोणत्या रेघेत मावेल? माझे म्हणणे एवढेच, की माप, तारीख, देणेघेणे आणि कोण काय बोलले, या गोष्टी केवळ आठवणीवर सोपवू नयेत. त्या वेळच्या वेळी लिहून ठेवाव्यात. आणि दुसऱ्याची आठवण आपल्याहून निराळी निघाली, तर त्याला लबाड म्हणण्यापूर्वी एखादी रेघ कोठे सापडते का, ते पाहावे.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी फुटांत मोजतात. २००५ साली ते ५३ फुटांच्या वर गेले. २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्याही वर! तो पूर ओसरल्यावर त्या घराच्या चौकटीवर दुसरी रेघ कोरली गेली. या वेळी खिळा थोरल्याच्या हाती होता आणि धाकटा माप घेत होता.