गॅस गीझर घेताय? तो बसवणार कुठे, ते आधी ठरवा

थंडी पडायला लागली की घरोघरी गीझरची चर्चा सुरू होते. 15 लिटरचा घ्यावा की 25 चा, इन्स्टंट की टाकीवाला, विजेचा की गॅसचा? हे सगळे तुम्ही दुकानदाराला विचारता, इलेक्ट्रिशियनला विचारता, शेजाऱ्यांना विचारता. डॉक्टरला कोणी विचारत नाही. तरीही मी लिहितोय, कारण गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवू नये, असे माझे ठाम मत आहे. कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी नाही.

आधी गॅस गीझरची बाजू मांडतो, कारण तीही खरी आहे. 15 लिटरची एक बादली 25 अंशांनी तापवायला विजेचे साधारण अर्धे युनिट लागते. तेच काम अंदाजे 40 ग्रॅम गॅस करतो, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साडेतीनशेच्या आसपास बादल्या निघतात. तुमच्या वीजबिलातला दर घालून हिशेब करा, बहुतेक घरांत गॅस स्वस्तच पडेल. शिवाय लाइट गेले तरी पाणी गरम. लोक उगाच घेत नाहीत.

आता दुसरा हिशेब पाहा. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गॅस गीझर म्हणजे स्वयंपाकघरातल्या चार-पाच बर्नर एकदम मोठे करून ठेवल्यासारखे आहे. एवढा गॅस नीट जळायला 15 मिनिटांत साधारण 3 घनमीटर हवा लागते. आपले बाथरूम असते 4 फूट बाय 6 फूट, उंची 8 फूट. त्यात एकूण हवाच साडेपाच घनमीटरच्या आत-बाहेर! म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर एका निवांत आंघोळीत निम्म्याहून अधिक हवा ज्योतीला लागते. ती कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. "गॅस लीक झाला तर वास येईलच की," असे बरेच जण म्हणतात. सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, पण तो ज्योतीत जळून जातो. उरतो तो बिनवासाचा धूर. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायातली ताकद जाते. आपल्याला काहीतरी होतेय हे कळेपर्यंत उठून कडी काढण्याइतके त्राण राहिलेले नसते. नळ मात्र चालूच, गीझरही चालूच.

मागे एका तरुण मुलीला घरचे घेऊन आले होते. दोन महिन्यांत दोनदा बाथरूममध्ये बेशुद्ध पडली, एकदा हातपाय झटकले. तपासण्या नॉर्मल, पण फिट्सच्या गोळ्या सुरू झालेल्या. मी विचारले, "हिला फिट बाथरूममध्येच का येते?" आई म्हणाली, "डॉक्टर, दोन्ही वेळा केस धुवायचा दिवस होता." केस धुवायचे म्हणजे आंघोळ लांबणार. गीझर गॅसचा, बाथरूमच्या आत, आणि थंडी येते म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला. गीझर हलवल्यावर पुन्हा असा प्रकार झाला नाही, गोळ्याही पुढे न्यूरॉलॉजिस्टनी हळूहळू बंद केल्या. (तुम्ही मात्र स्वतःच्या मनाने फिट्सची गोळी कधीही बंद करू नका.) आपल्याकडच्या न्यूरॉलॉजिस्टनी या प्रकाराला 'गॅस गीझर सिंड्रोम' असे नावच दिले आहे.

"आमच्या गीझरला 20 मिनिटांचा टायमर आहे." चांगले आहे, पण घरात चार माणसे लागोपाठ आंघोळ करतात तेव्हा आधीच्याचा धूर पुढच्याच्या वाट्याला येतो. सगळ्यात शेवटी बाथरूममध्ये जाणारी बहुधा घरातली आई किंवा सून असते, हेही लक्षात घ्या. "एक्झॉस्ट फॅन आहे." तो थंडीत कोण लावतो? आणि बाहेरून ताजी हवा आत यायला वाट नसेल, तर फॅन एकटा काय करणार? गीझरसोबतची माहितीपुस्तिका एकदा उघडून पाहा. बाथरूमच्या बाहेर बसवा, असे बहुधा त्यातच लिहिलेले असते. प्लंबरला मात्र जुन्या गीझरच्या जागीच नवा लावणे सोपे जाते.

गॅसचाच हवा असेल तर तो उघड्या गॅलरीत किंवा ड्राय बाल्कनीत लावा आणि फक्त पाण्याचा पाइप आत आणा. पाइप लांबला तर सुरुवातीचे तांब्या-दोन तांबे पाणी गार येईल, एवढेच. पुढे त्याच ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा बसवल्या, तर मात्र सगळे मुसळ केरात.

अशी उघडी जागाच नसेल तर सरळ विजेचा घ्या. 3 किलोवॅटचा इन्स्टंट एक बादली भरायला आठ-नऊ मिनिटे घेतो. तेवढा धीर नसेल तर 25 लिटरची टाकी बघा. 2 किलोवॅटची असेल तर पाणी 60 अंशांवर यायला अर्धा तास लागतो, पण गार पाणी मिसळून तीन बादल्या होतात. सोबत अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच. 60 अंशांचे पाणी पाच-सात सेकंदांत भाजते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या आजोबांना ते कळतही नाही, म्हणून बादलीत गार पाणी आधी घ्यायचे. पाणी तापवायच्या रॉडबद्दल एवढेच सांगतो : घरात लहान मूल असेल तर तो आजच टाकून द्या.

बाथरूममधून हाक देऊनही उत्तर येत नसेल तर वाट पाहू नका. दार तोडा, नळ बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत ओढा आणि 108 ला फोन करा. आत थांबून पाणी शिंपडत बसू नका, तुम्हीही पडाल. हॉस्पिटलमध्ये पोचताच पहिले वाक्य सांगा, "बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता." बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, रक्त विषारी झालेले असतानाही 98 दाखवू शकतो. खरे कळते ते रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनच्या तपासणीतून. साध्या हवेत या विषाचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून शुद्धीवर आला, चहा प्यायला, घरी नेला, असे करू नका. गरोदर बाईला तर बरे वाटत असले तरी दाखवाच, कारण पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षा जास्त बाधतो.

काही जणांना पूर्ण बरे वाटल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात मंदपणा, स्वभावात बदल असे त्रास सुरू होतात. तसे दिसले तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि त्या दिवशी बाथरूममध्ये काय झाले होते ते स्वतःहून सांगा.