ज्ञानबाजीचा पाट

चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते आणि मुलांपुढे लांब रात्र उरते. अशा वेळी रिसोडच्या घरीही ज्ञानबाजीचा पाट तयार करता येतो. सापशिडीचे हे जुने रूप पर्युषणात खेळले जाई. जैन पटांवर बहुधा ८४ घरे असत. शिड्या सद्गुणांच्या, साप दोषांचे आणि माथ्यावर सिद्धशिला.

जुन्या सागवानी कवाडाची दीड फूट लांब-रुंद फळी पुरते. कीड लागलेली घेऊ नये. तासताना जीव मरतात. रंधा मारून दीड-दीड इंचाच्या नऊ ओळी, नऊ रांगा आखाव्यात. ही ८१ घरे झाली; उरलेली तीन चौकटीलगत बाहेर काढावीत.

खरा प्रश्न पुढे येतो. सुताराचे फ्रेंच पॉलिश चपड्याचे, आणि चपडा लाखेच्या किड्यांपासून मिळतो. कवडी हेही सागरी जिवाचे कवच. हिंसेच्या घरात साप रंगवून त्यावर चपडा चढवणे शोभत नाही. त्याऐवजी जवसाचे उकळलेले तेल तीनदा पातळ चोळावे, प्रत्येक हात पूर्ण सुकू द्यावा. तेलकट चिंध्या मात्र पसरून वाळवाव्यात. गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात. कवड्यांच्या जागी चिंचोक्यांच्या सहा फोडी टाकाव्यात आणि पांढऱ्या बाजू मोजाव्यात. पैसा लावण्याचा प्रश्नच नाही. सप्तव्यसनांत द्यूत पहिलेच.

जुना पट जसाच्या तसा उतरवण्याची सक्ती नाही. तत्त्वार्थसूत्रात खोटे वजन-माप हा अचौर्यव्रताचा अतिचार मानला आहे. त्याला किती लांब साप द्यायचा, हे दुकान बंद झाल्यावर घरच्यांनी मुलांसमोर ठरवावे.