राक्षसांची फुटबॉल मॅच

मागच्या रविवारी विहारात बुद्धवंदना झाली आणि मुलांचा घोळका एका मोबाईलभोवती जमला. आम्हीही डोकावलो. पाहतो तर काय, राक्षस आणि यंत्रमानव चक्क फुटबॉल खेळत होते! हा खेळ जपानचा. बानप्रेस्टो कंपनीने १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी तो काढला. नाव 'बॅटल सॉकर'.

यातले खेळाडू निरनिराळ्या घरचे. गॉडझिला हा १९५४ च्या सिनेमातला राक्षस. हिरोशिमा-नागासाकीची जखम ताजी होती. त्यातच १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेने बॉम्बची चाचणी केली आणि तिची विषारी राख २३ जपानी मच्छीमारांच्या अंगावर पडली. त्या भीतीतून हा राक्षस जन्मला. अल्ट्रामॅन १९६६ चा, कामेन रायडर १९७१ चा, तर गुंडाम हा यंत्रमानव १९७९ चा. पडद्यावर गॉडझिला ५० मीटर उंच, अल्ट्रामॅन ४०, गुंडाम १८ आणि रायडर बिचारा माणसाएवढा. खरी गाठ पडती तर तो पायाखालीच गेला असता. पण खेळ करणाऱ्यांनी सर्वांना मोठे डोके, बुटके अंग देऊन एका मापाचे केले. मैदान एक, चेंडू एक, नियम एक!

आम्ही हसत होतो. तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या एका पोराला कुणीतरी जवळ बोलावले. त्यावर दुसरा म्हणाला, "त्याला नको घेऊ, तो त्यांच्या गटाचा आहे."

वाचक बंधू-भगिनींनो, आमचे हसू तिथेच थांबले. "याला नको घेऊ" हे शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी पाणवठ्यावर ऐकले, शाळेच्या दारात ऐकले. आज तेच शब्द आपल्याच पोराच्या तोंडी, आणि तेही विहाराच्या अंगणात! पोराचा दोष नाही. आमच्या वस्तीत जयंतीची मंडळे दोन, मिरवणुका दोन, वर्गणीही दोनदा. दोन्हीकडचे हिशेब आम्हीच तपासतो. वाजंत्रीचे भाडे दोन्ही वह्यांत आहे, अभ्यासिकेच्या पुस्तकांचा खर्च एकाही वहीत नाही. मोठी माणसे जे घरात बोलतात, तेच लेकरे बाहेर बोलतात.

बाबासाहेबांनी संविधानात बंधुता लिहिली, ती आधी आपल्या गल्लीत दिसायला नको का? म्हणून दोन्ही मंडळांना आमची एकच विनंती आहे. या जयंतीला मुलामुलींचा फुटबॉल सामना ठेवा. संघ गटावर पाडू नका, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका आणि एखाद्या लहान मुलीच्या हाताने उचलून घ्या. खर्च एका चेंडूचा. तो आम्ही देतो.

राक्षसांना जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

जय भीम!