ट्रक अडवला, पण उभा कुठे करायचा?

बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दर्शन घेऊन नाशिककडे परतणारी टेम्पो ट्रॅव्हलर 15 ऑक्टोबर 2023 रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यात जांबरगावजवळ एका ट्रकवर मागून आदळली. 12 जण ठार झाले, 23 जखमी झाले. हा ट्रक आरटीओच्या पथकाने थांबवल्याचे पुढे आले आणि ट्रकचालकासह दोन सहायक निरीक्षकांनाही अटक झाली. कोणाचा दोष किती, ते न्यायालय ठरवील. पण ती माणसे बुलढाणा जिल्ह्यातून निघाली होती आणि तोच महामार्ग याच जिल्ह्यातल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. त्यामुळे अडवलेला ट्रक उभा कुठे करायचा, हा प्रश्न इथल्या प्रशासनालाही टाळता येणार नाही.

ट्रक अडवायलाच हवेत, यात वाद नाही. ब्रेक निकामी असलेली किंवा क्षमतेबाहेर माल भरलेली गाडी पुढे सोडणे म्हणजे दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ. जादा वजनासाठी 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2 हजार रुपये असा दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे.

मात्र माल उतरवायचा कुठे? मोटार वाहन कायद्याचे कलम 114 सांगते की, वजन जास्त भरले तर चालकाने स्वतःच्या जोखमीवर जादा माल उतरवावा आणि तोवर गाडी त्या जागेवरून हलवू नये. ती जागा सुरक्षित हवी, तिथे उजेड हवा, असे त्या कलमात नाही. पण त्याच कलमात वाटही आहे. पुढच्या मार्गापासून 10 किलोमीटरच्या आत वजनकाटा असेल, तर अधिकारी ट्रक तिथे न्यायला सांगू शकतो. म्हणजे ‘गाडी हलवू नको’ हा आदेश काट्याच्या आवारात देता येतो. तो धावत्या रस्त्याच्या कडेला देण्याची गरज नाही.

बुलढाण्याचा भूगोलही लक्षात घ्यावा लागेल. जिल्ह्याचे ठिकाण अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 खाली, तर समृद्धी दक्षिणेला. मलकापूरला पकडलेला ट्रक बुलढाण्याला आणायचा तर राजूर घाट चढावा लागतो. ब्रेकमध्येच दोष असलेल्या गाडीला तो घाट चढायला कोण सांगेल? मग ट्रक आहे तिथेच कडेला लागतो.

तिथे काय होते, ते या रस्त्याने रात्री जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. चाकांना दगड लावलेले, मागे बाभळीची फांदी खोचलेली, बॅटरी उतरल्याने दिवे बंद. चालक गाडी सोडून जाऊ शकत नाही. डिझेल आणि ताडपत्रीखालच्या मालाची जबाबदारी त्याचीच. पाणी, शौचालय, हमाल यांतले काही जवळ नसते. मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात ती फांदी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

ट्रकला पुढे जाऊ दिले तर चालक पळून जाईल, ही अधिकाऱ्यांची शंका अगदीच निराधार नाही. पण चालान आता ऑनलाइन निघते, गाडीची नोंद संगणकावर असते, फास्टॅग टोलनाक्यावर वाचला जातो. समृद्धीवर तर ठरलेल्या ठिकाणांखेरीज बाहेर पडताच येत नाही. पथकाची गाडी मागे ठेवून ट्रक पुढच्या टोलनाक्याच्या आवारात नेणे अवघड नाही.

गाडीला आधी योग्य जागी पोहोचू द्यावे, हा विचार युरोपीय संघाने कायद्यातच केला आहे. तिथे साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. तरीही 2006 च्या नियमावलीचे कलम 12 योग्य थांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी ती साडेचार तासांची मर्यादा ओलांडायला मुभा देते. मुख्य अट अशी की त्यामुळे रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येता कामा नये.

जो अधिकारी ट्रक थांबवतो, त्यानेच तो उभा करण्याची जागाही नेमून द्यावी आणि त्या जागेची जबाबदारी घ्यावी. त्यासाठी परिवहन विभाग, महामार्ग पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांना जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसवावे. समृद्धीवर मेहकर आणि सिंदखेडराजा, तर महामार्ग 53 वर मलकापूर आणि खामगाव परिसरात अडवलेल्या गाड्यांसाठी तळ आखावेत. तिथे वजनकाटा, दिवे, पाणी, शौचालय आणि रखवालदार असावा. आदेशाच्या कागदावर गाडी कुठे उभी केली आणि तिथे कोणी पोहोचवली, याची नोंद सक्तीची करावी. जी गाडी जागची हलूच शकत नाही, तिच्यासाठी क्रेन येईपर्यंत पथकाने शंकू आणि लुकलुकते दिवे लावून तिथेच थांबावे. सैलानीची यात्रा दरवर्षी होळीच्या सुमारास भरते आणि राज्यभरातून गाड्या याच रस्त्यांनी येतात. निदान पुढच्या यात्रेआधी हे तळ सुरू झाले पाहिजेत.